वाहत्या भीमेत गळ टाकताना

गळाने मासे धरण्याची हौस असलेला सोलापूरचा माणूस खरेदीला निघतो तेव्हा पहिल्यांदा काठी निवडतो. दुकानात किंवा मोबाईलवर दिसणारा एखादा परवडणारा रॉड, त्यावर बसणारे रीळ, रिळावर आधीच गुंडाळलेला जाड तंगूस आणि सगळ्यात शेवटी लाल-पांढरा गोल फ्लोट, असा त्याच्या खरेदीचा क्रम असतो. फ्लोट म्हणजे दोरीवर तरंगणारा तो तुकडा, जो बुडाला की मासा लागला असे आपण समजतो. ही सगळ्यात स्वस्त वस्तू, म्हणून तिचा विचार सगळ्यात शेवटी होतो. उजनीच्या फुगवट्यात किंवा गावतळ्यात, उभ्या पाण्यात, या क्रमाने फारसे बिघडत नाही. पण भीमा किंवा सीना वाहती असेल आणि अळकूट, खवली, दांडवण असे बोटभर ते वीतभर मासे धरायचे असतील, तर हा क्रम पूर्ण उलटा करायला हवा, असे माझे म्हणणे आहे. आधी पाण्याचा वेग आणि खोली पाहावी, त्यावरून फ्लोट ठरवावा आणि तो फ्लोट सांभाळू शकेल अशी काठी त्यानंतर घ्यावी. असे केले तर खर्च कमी होतो आणि मासेही जास्त लागतात.

यावर पहिला आक्षेप सोलापूरकरच घेतील: आमच्या नद्या वाहतात कुठे? आक्षेपात तथ्य आहे. माढा तालुक्यातले उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. त्याच्या यशवंतसागर जलाशयाची एकूण साठवण सुमारे ११७ टीएमसी. तेव्हापासून धरणाखालची भीमा बव्हंशी माणसाच्या हिशोबाने वाहते. पावसाळ्यानंतर कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांवर बर्गे चढतात आणि नदी ठिकठिकाणी लांबट तळ्यांसारखी उभी राहते. तरीही वर्षातले बरेच दिवस तिला धार असते. पावसाळा ओसरताना पूर उतरून पाणी निवळू लागते, तो काळ सर्वांत चांगला. नीरा नरसिंहपूरला नीरा मिळते आणि हत्तरसंग कुडलला सीना मिळते, तिथे त्या दिवसांत चांगला प्रवाह असतो. पुढे आवर्तनाचे पाणी नदीत सुटते. सोलापूर शहराच्या पिण्यासाठी औज बंधाऱ्याकडे सोडलेले पाणी तर पंढरपूर, मंगळवेढा असा जिल्हा ओलांडत अनेक दिवस वाहत राहते. शिवाय बंधाऱ्याच्या वर पाणी उभे असले तरी भरलेल्या बंधाऱ्याच्या खाली बऱ्याचदा एखादी जिवंत धार असते, आणि लहान मासे गोळा होतात ते नेमके तिथे, कारण त्या धारेत प्राणवायू जास्त असतो आणि वाहून येणारे खाद्यही. वाहत्या पाण्याचे दिवस मोजके आहेत, म्हणूनच त्या दिवसांत चुकीचे साहित्य घेऊन काठावर बसणे परवडत नाही.

दुसरा आक्षेप माशांच्या आकाराबद्दल असतो. एवढ्या खटाटोपातून बोटभर मासे? मरळ, वाम, कटला धरायला जाणाऱ्याला हे पोरखेळ वाटते. पण भीमेची खरी ओळख या लहान माशांत आहे. कर्नल विल्यम हेन्री साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने भीमा आणि तिच्या उपनद्यांमधल्या माशांची शास्त्रीय वर्णने १८३९ च्या सुमारास प्रसिद्ध केली. त्यांत महसीरच्या जोडीने चांदीसारख्या चमकणाऱ्या अळकुटांचीही नोंद त्याने तितक्याच काळजीने केली आहे. आज नदीच्या पाण्यात जे दिसते त्यातले बरेच बाहेरून आलेले आहे. चिलापी भारतात १९५२ मध्ये आणली गेली आणि आता उजनीच्या बाजारात तिचेच ढीग दिसतात. अलीकडे सकर नावाचा, मुळात काचेच्या टाकीसाठी आणलेला दक्षिण अमेरिकेतला मासाही जाळ्यात सापडू लागला आहे. अशा पाण्यात मूळचे लहान मासे कुठे टिकून आहेत, कोणत्या धारेत, कोणत्या महिन्यात, हे फ्लोट वाहू देत बसणाऱ्या माणसाला जितके कळते तितके जाळे ओढणाऱ्याला क्वचितच कळते. खाण्याच्या दृष्टीनेही हे मासे कमी प्रतीचे नाहीत. काट्या-डोक्यासकट खाल्लेल्या लहान माशांतून भरपूर कॅल्शियम मिळते, आणि बांगलादेशात मोला या बोटभर माशावर झालेल्या अभ्यासांत अ जीवनसत्त्वाचे प्रमाण मोठ्या कार्प माशांपेक्षा कितीतरी जास्त आढळले आहे. ज्वारीच्या भाकरीबरोबर कुरकुरीत तळलेली खवली ज्याला ठाऊक आहे, त्याला हे पटवून सांगावे लागणार नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. वाहत्या पाण्यात फ्लोट सोडायचा, तो धारेबरोबर खाली जाऊ द्यायचा आणि त्याच्याखाली आमिष नैसर्गिकपणे वाहत गेले पाहिजे, अशी ही पद्धत आहे. इंग्लंडमध्ये ट्रेंट नदीच्या काठी, नॉटिंगहॅमच्या परिसरात, एकोणिसाव्या शतकात ती खूप बारकाईने विकसित झाली. तिथले रोच, डेस, ब्लीक हे मासे आकाराने आणि सवयींनी आपल्या खवली-अळकुटांच्या जवळचे. आपल्याकडे गळावर लिहिणाऱ्या इंग्रजांनी या बाजूला फारसा जोर दिला नाही. हेन्री सुलिव्हन थॉमस याच्या १८७३ च्या ‘द रॉड इन इंडिया’ या गाजलेल्या पुस्तकाचा भर महसीरवर आहे आणि त्याचे पुढचे, १८८७ चे पुस्तक तलावातल्या मासेमारीवर. त्यामुळे मोठ्या माशासाठी दणकट रॉड आणि तलावासाठी फ्लोट अशी समजूत रूढ झाली, आणि वाहती नदी व लहान मासा ही जोडी मधल्या मधे राहून गेली.

ही पद्धत अवघड का, हे समजायला नदीच्या वेगाचा एक साधा नियम पुरेसा आहे. पाण्याचा वेग पृष्ठभागाजवळ जास्त असतो आणि तळाकडे कमी होत जातो, कारण तळाच्या दगड-वाळूशी पाणी घासते. जलविज्ञानात पृष्ठभागाच्या वेगाला सुमारे ०.८५ ने गुणून संपूर्ण खोलीचा सरासरी वेग काढतात, आणि तळालगतचा वेग त्याहूनही बराच कमी असतो. फ्लोट वरच्या वेगाने पळतो, मासा मात्र बऱ्याचदा तळाजवळच्या संथ पाण्यात उभा असतो. फ्लोटला मोकळे सोडले तर तो खालच्या आमिषाला फरफटत नेतो. आजूबाजूचे सगळे कण एका वेगाने वाहत असताना एकच गांडुळाचा तुकडा दुप्पट वेगाने निघून जातो आणि मासा त्याच्याकडे पाहतही नाही. यावर उपाय एकच: फ्लोटला हलका अडसर देत, तो पाण्यापेक्षा थोडा सावकाश जाईल असा दोरीने आवरून धरायचा. पतंग उडवणारा जशी ढील देता देता दोर हातात तोलून धरतो, तसे हे काम आहे. आवरून धरल्यावर आमिष थोडे पुढे जाते, फ्लोट मागे राहतो, आणि माशाला आधी आमिष दिसते, मग दोरी.

इथेच बाजारातला लाल-पांढरा गोल फ्लोट हरतो. त्याला आवरले की पाणी त्याच्या पोटावर आदळते, तो एका बाजूला कलतो, गर्रकन फिरतो आणि काठाकडे ओढला जातो. उभ्या पाण्यासाठीचे लांब, खालच्या टोकालाच दोरी अडकवलेले सडपातळ फ्लोटही आवरून धरताच बुडतात, कारण दोरी त्यांना खालून ओढते. वाहत्या पाण्याच्या फ्लोटची घडण वेगळी हवी: जाडी वरच्या भागात, खाली निमुळते होत गेलेले शरीर, आणि दोरी वर आणि खाली अशा दोन्ही टोकांना धरलेली. जाडी वर असल्यामुळे आवरल्यावरही तो उभा राहतो. दोन्ही टोकांना दोरी बांधल्यामुळे ओढ वरून लागते आणि तो बुडत नाही. दोरी धरायला सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी कापून तिची बारीक कडी फ्लोटवर चढवली की काम होते. खोली बदलायची तर कडीतून दोरी सरकवता येते, फ्लोट सोडून पुन्हा बांधावा लागत नाही.

असा फ्लोट विकत मिळाला नाही तरी सोलापूर जिल्ह्यात त्याच्या साहित्याला तोटा नाही. ज्वारीच्या ताटातला पांढरा, हलका भेंड हे फ्लोटसाठी उत्तम साहित्य आहे. मंगळवेढ्याच्या शेतांतून निघणाऱ्या कडब्यात त्याची रास पडलेली असते. ताटाची साल काढायची, भेंडाचा दोन-अडीच इंचाचा तुकडा घ्यायचा, वरचा तिसरा हिस्सा जाड ठेवून खालचा पॉलिश पेपरने निमुळता करायचा आणि मधोमध बांबूची बारीक काडी घालायची. भेंड पाणी पितो, म्हणून त्यावर वार्निशचे दोन-तीन हात देणे अटळ आहे. काडीचे टोक केशरी किंवा लाल रंगवले की उन्हात आणि चकाकत्या पाण्यावरही दिसते. मोरपिसाच्या देठाचा फ्लोट आणखी नाजूक काम करतो आणि संथ धारेत अळकुटासाठी त्याच्याइतके चांगले काही नाही. मात्र मोर १९६३ पासून राष्ट्रीय पक्षी आहे आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला पूर्ण संरक्षण आहे, तेव्हा फक्त आपोआप गळून पडलेले पीस वापरावे. जुन्या स्लीपरच्या रबराचा तुकडा हा नदीकाठचा सर्वांत रुळलेला फ्लोट. तो बुडत नाही, फुटत नाही, आणि वरून जाड, खाली निमुळता कापला तर जोरदार धारेतही चांगला चालतो. थर्माकोल मात्र टाळावा. तो तुटून दाणे होतो, ते दाणे नदीत राहतात, आणि मासे-पक्षी ते खाद्य समजून गिळतात.

फ्लोट किती मोठा असावा, हा प्रश्न लोक माशाच्या आकारावरून सोडवतात: मासा लहान, म्हणून फ्लोट अगदी लहान. ही समजूत उभ्या पाण्यात बरीचशी खरी आहे, वाहत्या पाण्यात ती फसवते. वाहत्या पाण्यात फ्लोटचा आकार वेगावर आणि खोलीवर ठरतो, कारण खाली जे वजन लावायचे आहे ते फ्लोटने पेलायचे असते. वजन कमी पडले तर आमिष तळाजवळ पोहोचतच नाही, वरच्यावर तरंगत राहते. ट्रेंटच्या काठचा जुना ठोकताळा असा की संथ धारेत खोलीच्या दर फुटाला सुमारे ०.२ ग्रॅम वजन लागते. म्हणजे पाच फूट खोल संथ पाण्यात एक ग्रॅमचा फ्लोट पुरतो. धार जोरात असेल तर हेच वजन दुप्पट-तिप्पट करावे. वेग मोजायला यंत्र नको. काठाला समांतर बारा फूट अंतर मोजायचे, वरच्या टोकाला एक सुके पान टाकायचे आणि सेकंद मोजायचे. पान बारा सेकंद घेत असेल तर धार संथ आहे आणि भेंडाचा सडपातळ फ्लोट चालेल. चार-पाच सेकंदांत पोहोचत असेल तर खांद्याशी गोलसर, दोन-तीन ग्रॅम पेलणारा फ्लोट हवा. पाणी पाहण्याआधी काठी किंवा फ्लोट निवडणे व्यर्थ का, ते या साध्या मापाने लगेच कळते, कारण बंधाऱ्याखालचीच धार आज बारा सेकंदांची आणि पाणी सुटल्यावर उद्या चार सेकंदांची असू शकते.

यावर जाणकार म्हणतील की मोठा फ्लोट कमी संवेदनशील असतो, लहान माशाचा टोका त्याला कळणार नाही. संवेदनशीलता आकारात शोधणे ही चूक आहे. फ्लोट बुडवायला किती जोर लागतो, हे त्याच्या पाण्याबाहेर उरलेल्या भागावर ठरते. तीन ग्रॅमच्या फ्लोटला वजन इतके नेमके लावले की फक्त काडीचे टोक बाहेर राहिले, तर तो अर्ध्या ग्रॅमच्या निष्काळजीपणे लावलेल्या फ्लोटपेक्षा जास्त नाजूक असतो. उलट धारेत फार हलका फ्लोट प्रत्येक भोवऱ्यावर नाचतो आणि माशाचा टोका त्या नाचण्यात हरवतो. म्हणून फ्लोट घरीच बादलीत सोडून वजन जुळवून घ्यावे. नदीकाठी हे काम घाईत होते आणि मग दिवसभर अंदाज चुकतो.

वजन म्हटले की सगळे शिशाकडे वळतात. शिसे मऊ, जड आणि स्वस्त, म्हणून मोहात पाडणारे. पण तुटलेल्या दोरीबरोबर शिशाचे मणी नदीत आणि काठच्या चिखलात राहतात. पाणपक्षी पोटात दळण्यासाठी खडे गिळतात, त्यांत हे मणीही जातात आणि पक्ष्याला शिशाची विषबाधा होते. इंग्लंडमध्ये असे हंस मरू लागल्यावर १९८७ पासून गळाच्या लहान शिशाच्या वजनांच्या विक्रीवर बंदी आली, आणि तिथली मासेमारी त्यामुळे बंद पडली नाही. आपल्या भीमेच्या वरच्या अंगाला, भिगवणजवळ उजनीच्या पाणथळीत, दरवर्षी फ्लेमिंगो आणि बदके उतरतात. अशा नदीत शिसे टाकणे मला समर्थनीय वाटत नाही. मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात मिळणारी तांब्याची जुनी तार दोरीभोवती घट्ट गुंडाळली की वजन तयार होते. तांबे शिशापेक्षा थोडे हलके, म्हणून गुंडाळी थोडी मोठी होते, एवढाच फरक. तार कमी-जास्त करून वजन जुळवणे तर शिशापेक्षाही सोपे जाते.

हे वजन दोरीवर कुठे लावायचे, हे माशावर ठरते, आणि इथे स्थानिक माशांच्या सवयी कामी येतात. अळकुटाचे तोंड वर वळलेले असते, तो पृष्ठभागाजवळ खातो आणि आमिष न आवडल्यास क्षणात थुंकतो. त्याच्यासाठी फ्लोटखाली फूट-दीड फूटच दोरी, बहुतेक वजन फ्लोटच्या लगेच खाली, आणि गळाजवळ अगदी थोडे, म्हणजे आमिष हळूहळू बुडत जाईल असे. दांडवणाचेही बरेचसे असेच. खवली मध्यापासून तळापर्यंत फिरते. तिच्यासाठी वजनाच्या गुंडाळ्या दोरीवर समान अंतराने विखुराव्यात, म्हणजे आवरून धरल्यावर दोरी सरळ रेषेत कलते आणि आमिष तळालगत पुढे चालते. शिंगटा तळाचा मासा. गढूळ पाण्यात आणि संध्याकाळी तो जास्त लागतो. तिथे वजनाचा मोठा भाग गळाच्या वीतभर वर एकत्र लावावा. शिंगटा काढताना त्याच्या पाठीवरच्या आणि दोन्ही बाजूंच्या काट्यांपासून हात सांभाळावा. त्या काट्याची जखम बराच वेळ ठणकते. या सगळ्यांसाठी गळ बारीक हवा, १४ ते १८ क्रमांकाचा. क्रमांक जितका मोठा तितका गळ लहान. तंगूस ०.१२ ते ०.१६ मिलिमीटरचा पुरतो. रिळावर तयार मिळणारा ०.३० किंवा ०.४० चा तंगूस पाणी अडवतो, फ्लोटला खेचतो, आणि इतकी मेहनत करून जुळवलेले वजन निरर्थक ठरवतो. गांडुळाचा नखाएवढा तुकडा किंवा कणकेची वाटाण्याहून लहान गोळी, एवढे आमिष पुष्कळ.

आता काठी. वर सांगितलेले सगळे काम काठीला करू द्यायचे असेल तर तिच्यात एक गुण सर्वांआधी हवा, तो म्हणजे लांबी. फ्लोट आणि काठीचे टोक यांच्यामधली दोरी पाण्यावर पडली की धार तिला कमानीसारखी वाकवते, ती कमान फ्लोटला ओढते, आणि मासा लागल्यावर झटका दिला तर आधी ती कमान सरळ होते, तोवर मासा गेलेला असतो. लांब काठी दोरीला पाण्याच्या वर उचलून धरते. या कामासाठी बारा ते चौदा फुटांची काठी योग्य. दुकानात सर्वांत जास्त दिसणारा सहा-सात फुटांचा जाड रॉड मुळात आमिष लांब फेकून लगेच ओढून आणण्यासाठी बनवलेला असतो. मरळीसाठी तो चांगला. लहान माशासाठी वाहत्या धारेत त्याची लांबी अपुरी पडते आणि ताठरपणामुळे मऊ तोंडाच्या खवलीच्या तोंडातून गळ निसटतो. अशा रॉडच्या बाजूने सांगितले जाते की तो लांब फेकता येतो. पण भीमेचे लहान मासे बहुधा काठाजवळच्या धारेच्या कडेला असतात. तिथे लांब फेकण्याची गरज नाही, जवळचे नीट सांभाळण्याची आहे.

काठी बांबूची असावी की कार्बनची, या वादात मी बांबूच्या बाजूने आहे, आणि त्यात जुन्या गोष्टींचे प्रेम नाही. लहान माशासाठी काठीचे टोक मऊ आणि बुंधा ताठ हवा. बांबू निसर्गतःच तसा निमुळता वाढतो. मानवेल जातीचा भरीव बांबू तर या कामासाठी नामांकित आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंड-अमेरिकेतले चिरलेल्या बांबूचे उत्तमोत्तम रॉड भारतातून गेलेल्या याच जातीच्या बांबूचे होते. तिकडे तो कलकत्त्याचा बांबू म्हणून विकला जाई आणि पुढे चीनच्या टोंकिन बांबूने त्याची जागा घेतली. काठीसाठी दोन-तीन वर्षांचा पक्का बांबू हिवाळ्यात तोडलेला घ्यावा, सावलीत काही आठवडे वाळवावा आणि वाकडी पेरे विस्तवावर शेकून सरळ करावीत. ओल्या बांबूतल्या पिष्टाला भुंगे लागतात, म्हणून वाळवण्यात घाई नको. बांबूचा एक दोष मान्य केला पाहिजे: तो जड असतो आणि तासाभरात मनगट दुखते. कार्बनची तेवढ्याच लांबीची काठी दोनशे ग्रॅमच्या आसपास असते आणि दिवसभर हातात राहते. ज्याला रोज बसायचे आहे त्याने ती जरूर घ्यावी. पण एक धोका ओळखून घ्यावा. कार्बनमधून वीज वाहते. भीमेच्या काठावर शेतीपंपांच्या वायरी आणि खाली झुकलेल्या तारा ठिकठिकाणी असतात. चौदा फुटांची काठी उंच धरून अशा तारेखालून जाणे जीवघेणे आहे, आणि ओला बांबूही तिथे सुरक्षित समजू नये. पैसे आणि वजन यांच्या मधला मार्ग म्हणून एकात एक सरकणारी, रीळ नसलेली फायबरची लांब काठी मिळते. नवशिक्यासाठी ती चांगली.

रीळ हवेच का? बारा फुटांची काठी आणि तेवढीच दोरी असेल तर काठावर बसून सुमारे तीस फूट लांबीच्या धारेत फ्लोट चालवता येतो. संथ धारेत ते तीस सेकंदांचे वाहणे झाले. बंधाऱ्याखालच्या आणि संगमाजवळच्या बहुतेक जागांना ते पुरते. नदीकाठच्या मुलांची काठी अशीच असते, टोकाला बांधलेली दोरी काठीएवढी लांब. ‘पोरे कसल्याही काठीने, चपलेच्या तुकड्याने मासे धरतात, मग एवढा हिशोब कशाला?’ असा जो आक्षेप घेतला जातो, त्याचे उत्तर त्या काठीतच आहे. ती काठी कसलीही नाही. लांब काठी, आखूड दोरी, मऊ टोक, हाताने आवरता येणारा फ्लोट, या चारही गोष्टी तिथे जमून आलेल्या असतात, आणि भोई-कोळी घरांतली मुले ते वडीलधाऱ्यांकडे पाहून शिकलेली असतात. विकतच्या आखूड रॉडपुढे ती जुनी काठी सरस ठरते तेव्हा त्यात योगायोग नसतो. रीळ लागते ते रुंद पात्रात फ्लोट पन्नास-साठ फूट खाली न्यायचा असेल तेव्हा. मग साध्या रिळाची कडी उघडी ठेवून दोरी बोटाने अडवत सोडावी.

वाळू उपशाने भीमा-सीनेच्या पात्रात जागोजागी खड्डे पडले आहेत. त्याचा एक परिणाम फ्लोट चालवणाऱ्याला लगेच जाणवतो: एकाच धारेत तीन फूट खोली अचानक दहा फूट होते आणि आमिष तळापासून सुटते. म्हणून दर वेळी खोली मोजूनच फ्लोट सरकवावा. याच खड्ड्यांमुळे गुडघाभर पाण्यात उतरून फ्लोट सोडण्याचा मोह आवरावा. लांब काठी असली की उतरावे लागतही नाही. जून ते ऑगस्ट हा बहुतेक माशांच्या विणीचा काळ, तेव्हा पोटात अंडी असलेली मादी लागली तर ओल्या हाताने धरून सोडून द्यावी, कोरड्या हाताने तिच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि ती जगण्याची शक्यता घटते. जलाशयात आणि बंधाऱ्याच्या पाण्यात मासेमारीचे हक्क अनेक ठिकाणी मच्छीमार संस्थांना दिलेले असतात, त्यामुळे बसण्यापूर्वी तिथल्या संस्थेला विचारावे. आणि उजनीतून पाणी सोडण्याची सूचना त्या दिवशी निघाली आहे का, हे घरून निघतानाच पाहून घ्यावे, कारण बंधाऱ्याखाली पाणी चढते ते कोणाला न विचारता.